हवेचं भाडं

कुडाळच्या गोदामात ट्रान्सपोर्टवाल्यानं टेप धरली,
लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची,
भागिले पाच हजार.
"वजन बेचाळीस किलो आहे, मॅडम,
पण बिल एकशे एकोणीसचं होईल."
आणि मधले सत्त्याहत्तर?
"ती हवा."

म्हणजे मी उभादांड्याची हवा
पुण्याला पाठवत होते, माझ्या खर्चानं,
वाळत घातलेल्या सुंगटांचा वास असलेली, खारट,
सोफ्याच्या पोटात, पायांच्या मध्ये,
खोक्याच्या चारी कोपऱ्यांत नीट भरून.

त्या दिवसापासून मला सगळीकडे हवाच दिसायला लागली.
रिकाम्या तपेल्यात. उघड्या छत्रीत.
लग्नाच्या मांडवात एकावर एक रचलेल्या
प्लास्टिकच्या खुर्च्या दिसल्या
की त्या कुणी काढल्या असतील त्याला
हात जोडावेसे वाटायचे.

काजूच्या बंद कारखान्यात आमची शेड,
फरशीवर अजून टरफलाच्या तेलाचे डाग.
तिथं सगुण मेस्त्री,
फायबर येईपर्यंत होड्या बांधणारा माणूस,
आता माझ्या बिजागऱ्या घासत बसलेला.
मॅन्जियमच्या फळीवर नख ओढून म्हणतो,
"ह्यां लाकूड न्हय, गवत."
आणि त्याच गवताला रंधा मारतो
फणसाला मारावा तसा.

पहिलं मॉडेल उघडलं, मिटलं नाही.
दुसरं मिटलं, उघडलं नाही.
तिसऱ्यानं फिलोमिनाचं बोट धरलं;
आठवडाभर ती डाव्या हातानं खोळींना टाके घालत होती
आणि उजवा मला दाखवत होती.
चौथं एक पावसाळा ठेवलं,
स्क्रू रातांब्याच्या रंगाचे झाले.
पाचव्याबद्दल बोलायला नको.

मग एका ओहोटीला कुर्ली पाहिली.
आठ पाय, दोन नांगे,
आणि माझी सावली पडताच
सगळं एका कवचाच्या मापात.
मी ओल्या वाळूत उकिडवी बसले,
वहीत तिचे गुडघे काढले.
सगुणनं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं.
"हिच्या सांध्यात फट असा, बघ.
तू फट ठेवणस नाय, म्हणान अडकता."
दोन मिलिमीटर? मी विचारलं.
"वायच जास्त."

सातवं मिटलं ते धोतरासारखं,
आधी लांबीत, मग रुंदीत,
फोम व्हॅक्युमनं आवळला की पापडाएवढा.
एकशे दहा, सत्तर, तीस.
बिल सत्तेचाळीसचं!
पाच किलो हवा उरतेच, पण ती आमची आम्हाला परवडते.
पुण्याची कंपनी, दोनशे नगांची बोलणी,
नमुना आजच हवा,
टेम्पो चार वाजता.

साडेतीनला सगुण म्हणाला,
"करकरता काय, बघतंय,"
आणि उघडलेल्या पलंगावर आडवा झाला,
चपला खाली जोडून ठेवून.
उजवीकडे वळला. डावीकडे वळला.
करकरलं नाही.
मग बराच वेळ काहीच हललं नाही.

फिलोमिना चिकटपट्टीचं रीळ घेऊन उभी.
मी घड्याळाकडे पाहते, मग त्याच्याकडे:
टाचांच्या भेगांत काळं डांबर,
कुठल्या होडीचं कोण जाणे.
एवढा सहा फुटी पलंग,
आणि हा पाय पोटाशी घेऊन अर्ध्यातच मावलेला.
"घराकडे खाट नाय त्यांच्या," ती पुटपुटते,
"चटयेर निजतत."

टेम्पोवाल्या बाबलनं दोनदा हॉर्न दिला,
तिसऱ्यांदा द्यायच्या आधी दारातून डोकावला
आणि जाऊन इंजिन बंद केलं.
पायरीवर बसून बिडी पेटवली.

कंपनीला फोन केला, गाडी उद्या.
कारण विचारलं त्यांनी.
म्हटलं, चाचणी चालू आहे.
फिलोमिनानं पंखा तिकडे वळवला.

सहाच्या सुमारास तो कुशीवर वळला,
आणि कुठल्याशा सांध्यानं
अगदी बारीक आवाज केला.
मी वही काढून लिहून ठेवलं:
डावी बाजू, वरून तिसरा.